वशिला नव्हे हो, वहिनी!

"कळलं का? तिसऱ्या मजल्यावरच्या नागपूरकरांच्या डॉक्टरणीचं जमलं!"

"लग्न?"

"लग्न कसलं, वहिनी! अमेरिकेत रेसिडेन्सी मिळाली. सायकिअ‍ॅट्रीत."

"म्हणजे वेड्यांची डॉक्टर? मग लग्न राहिलंच की!"

कुवेतमध्ये साल्मियातल्या आमच्या इमारतीत सांगलीच्या वहिनींच्या आणि माझ्या बाल्कनीच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. खालच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, जे ठाऊक नसतं, ते सगळं या भिंतीवरून इकडचं तिकडे होतं. त्यात २०२५ चा ३० मार्च म्हणजे भलता योग. गुढीपाडवा आणि इथली ईद एकाच दिवशी. वहिनींनी रस्त्यावरून दिसू नये अशी छोटी गुढी बाल्कनीत आतल्या बाजूला उभारली होती. खाली पोरं नवेकोरे दिशदाशे घालून ईदीचे दिनार मोजत होती. नागपूरकरांच्या घरून संत्रा बर्फीचा डबा आला होता आणि वहिनींनी दुसरी वडी उचलली होती.

"पण काय हो ताई, गेल्या वर्षी तर ती पोरगी दार लावून रडत होती म्हणालात ना?"

"होती की. गेल्या वर्षी ११ मार्चला, पहिल्या रोजाच्या संध्याकाळी, इफ्तारच्या तोंडावर ईमेल आला. जागा मिळाली नाही, एवढंच. तिकडे त्याला मॅच म्हणतात. सोमवारी फक्त मिळाली की नाही ते कळतं आणि कुठं मिळाली ते शुक्रवारी. मधल्या दिवसांत उरल्यासुरल्या जागांसाठी धावाधाव असते, पण सायकिअ‍ॅट्रीत आता उरतंय काय? पूर्वी म्हणे जागा रिकाम्या पडायच्या. आता दोन हजारांहून जास्त जागा आणि जवळपास सगळ्या भरलेल्या."

"आणि यंदा?"

"यंदा २१ मार्चच्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कुठं मिळाली ते कळलं. म्हणजे तिकडचे दुपारचे बारा. तिच्या आईची किंकाळी ऐकून हारिस वर धावत आला, कुणी पडलं की काय म्हणून."

वहिनींनी आवाज उतरवला. आवाज उतरला की खरा प्रश्न येतो, हे मला पंधरवड्यातून एकदा तरी अनुभवायला मिळतं.

"एक विचारू? कुणाचा वास्ता लावला?"

कुवेतमध्ये राहिलं की हा शब्द आपसूक तोंडात बसतो. कुणाचंही काम झालं की पहिला प्रश्न तोच. गावाकडे वशिला म्हणत होतो, इथं वास्ता म्हणतो.

"तिथंच तर गंमत आहे, वहिनी. तिकडे शेवटची जोडणी माणसं करतच नाहीत, संगणक करतो. १९५२ पासून ही पद्धत आहे. पोरं आपल्या आवडीच्या हॉस्पिटलांची क्रमवार यादी देतात, हॉस्पिटलं आपल्या आवडीच्या पोरांची देतात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. नव्वदच्या दशकात अ‍ॅल्विन रॉथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ती गणिती रीत नव्यानं बसवून दिली. २०१२ साली त्यांना अशाच कामासाठी लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आता संगणकाला कुणी फोन करून 'आपल्याच माणसाची पोरगी आहे' असं सांगायचं?"

"संगणकाला नाही, पण मुलाखतीला बोलावणारी माणसंच ना? त्यांना तर फोन करता येतो!"

सांगलीच्या माणसाला आकडे आणि पळवाटा दोन्ही लगेच दिसतात. मला गप्प बसावं लागलं, कारण मुद्दा बिनतोड होता. शेकडो अर्जांतून मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते माणसंच ठरवतात. आणि बाहेरच्या देशात शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांपैकी २०२५ मध्ये शंभरातल्या साधारण ५८ जणांनाच कुठल्या ना कुठल्या विषयात जागा मिळाली. बाकीचे पुन्हा पहिल्या पायरीवर.

"म्हणजे होताच कुणीतरी," वहिनींनी निकाल दिला.

"होता. ठाण्याचे एक सर."

"ठाणं?" वहिनींना हसू आवरेना. "आमच्या सांगलीत कुणी वेड्यासारखं वागलं की म्हणायचे, येरवड्याला न्या याला. मुंबईकडचे म्हणायचे, ठाण्याला पाठवा."

"आता ज्याला त्याला हसण्यावारी न्यायचं! ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, रत्नागिरीचं तर त्याहून जुनं. आणि तुम्ही ज्यांचं नाटक पाहून टाळ्या वाजवल्यात ना, ते 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस, मोहन आगाशे, ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये मानसोपचाराचे प्राध्यापक होते. तेव्हा कुठं गेला होता तुमचा येरवडा?"

"बरं बरं. सरांचं सांगा."

मग मी तिच्या आईकडून गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकलेलं सगळं सांगितलं. सर सत्तरीच्या पुढचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एका धर्मादाय दवाखान्यात अजून ओपीडी करणारे. पहिल्या वर्षी जागा हुकल्यावर खचलेल्या मनानं पोरीनं त्यांना आपला अर्ज वाचायला पाठवला, तो कौतुकाच्या आशेनं. त्यांनी उलटा फोन करून सुनावलं, "तुझ्या अर्जातून तू दिसतच नाहीस."

"असं तोंडावर?"

"अगदी असं. निवेदनाची सुरुवात काय, तर लहानपणापासून मला माणसाच्या मनाचं कुतूहल होतं. सर म्हणाले, हे वाक्य मी दरवर्षी वाचतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या अर्जात वाचेन. शिफारसपत्रं कुणाची, तर मेडिसिन आणि सर्जरीच्या विभागप्रमुखांची. मुलगी कष्टाळू, वक्तशीर, सगळं छान, पण मनोरुग्णासमोर ती कशी बसते याचा एका ओळीतही पत्ता नाही. शिवाय तिनं सावधगिरी म्हणून मेडिसिनलाही अर्ज टाकला होता. सर म्हणाले, तुला स्वतःलाच खात्री नाही तर त्यांना का असावी?"

"बापरे. माझ्या पोराला कुणी असं बोललं असतं तर मी फोन काढून घेतला असता."

"तिच्या आईनंही काढून घेतलाच होता. पण पोरगी एप्रिलमध्ये उठून ठाण्याला गेली, त्याच ओपीडीत बसायला. तिथं त्यांनी काय शिकवलं माहितीय? तोंड बंद ठेवायला."

यात अतिशयोक्ती नाही. पेशंट म्हणे "डोक्यात मुंग्या चालतात" असं सांगतो, "छातीत भरून येतं" म्हणतो, "कुणी करणी केलीय" म्हणतो, आणि आमची पोरगी ऐकता ऐकताच कागदावर इंग्रजीत आजाराचं नाव लिहून मोकळी. सरांनी सांगितलं, आधी पेशंटचे शब्द जसेच्या तसे मराठीत लिही, नाव शेवटी दे. झोप कशी, भूक कशी, घरात कोण, पैसे कुणाच्या हातात, दारू कोण पितं, मरणाचे विचार येतात का, हे सगळं विचार, पण चौकशी अधिकाऱ्यासारखं विचारू नकोस. संध्याकाळी बसून ते दिवसभराची टिपणं वाचायचे. बहुतेक वेळा "हे तू ऐकलंस की तुला वाटलं?" एवढंच विचारायचे आणि तिला वही पुन्हा उघडावी लागायची.

"आणि फी किती घेतली?" वहिनींचा हिशेबी प्रश्न. चुकीचा नव्हता. अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या डॉक्टरांचे अर्ज लिहून देण्याचा आता मोठा धंदा आहे, डॉलरमध्ये.

"एक फिल्ससुद्धा नाही. पत्रसुद्धा लगेच दिलं नाही. म्हणाले, चार महिने तुला पाहतो, मग लिहायचं की नाही ते ठरवतो. लिहिलं तेही तिला दाखवलं नाही. तिकडे रीतच तशी आहे. पत्र वाचायचा हक्क सोडतो असं बहुतेक जण आधी लिहून देतात, म्हणजे लिहिणारा मोकळेपणानं लिहितो. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. त्यातलं एक त्यांचं. आणि परीक्षेचं सांगायचं तर स्टेप वन नावाचा पेपर आता नुसता पास-नापास झालाय, २०२२ पासून. तिथले गुणच गेल्यामुळं माणूस कसा आहे हे पत्रातूनही शोधतात."

"मग सरांनी लिहिलेलं पत्र म्हणजे वशिलाच की वेगळ्या कागदावरचा."

इथं मात्र मी वडी खाली ठेवली.

"नाही हो, वहिनी. वशिल्याला तुम्ही कशा आहात त्याच्याशी कर्तव्य नसतं. कुणाला ओळखता तेवढं पुरतं. तुम्ही होता तशाच राहता आणि काम होतं. सरांनी तिला तसं राहूच दिलं नाही. शिवाय पत्र लिहिणारा स्वतःचं नाव गहाण टाकतो. उद्या ही पोरगी तिकडे पेशंटवर खेकसली तर त्यांच्या पुढच्या पत्राला कोण विचारेल?"

वहिनी जरा थांबल्या. मग दुसरा डाव टाकला आणि तो पहिल्याहून जड होता.

"मग मला हे सांगा, भारतात या डॉक्टरांची एवढी टंचाई आहे म्हणतात. लाख लोकांमागे एकही भरत नाही, ०.७५ की काहीतरी, मी वाचलंय. आणि हे तुमचे सर शिकवून शिकवून पोरीला अमेरिकेला धाडतात? आपल्या ओपीडीत कोण बसणार?"

हे मीही तिच्या आईला विचारलं होतं. तिनं जे सांगितलं त्यानंतर त्या सरांबद्दलचा माझा आदर वाढला. सर पोरीला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "तुझं जाणं मला पटत नाही. पण तुला शिकवायला त्याची अडचण नाही." नंतर त्यांनी तो विषय उकरून काढला नाही. टोमणा मारला नाही, पत्र अडवलं नाही. ती ज्या व्हिसावर जाणार, त्याला दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. लोक त्यातून सूट मिळवतात हेही त्यांना ठाऊक होतं. तरी शिकवलं. पटत नसलेल्या वाटेवरही दुसऱ्याला नीट चालायला शिकवणं माझ्याच्यानं झालं नसतं.

"आणि मुलाखतीची तयारी?" वहिनींचा सूर आता मऊ झाला होता.

"ती फोनवर. सहा महिन्यांच्या आत कुवेतला परत यायलाच हवं होतं तिला, नाहीतर अकामा, इथला राहायचा परवाना, गेला असता. त्यामुळं सप्टेंबरात अर्ज भरायच्या आधी ती इकडे आली. मुलाखती बहुतेक ऑनलाइनच असतात आता. दर शुक्रवारी इथली सुट्टी बघून सर तिला एकच प्रश्न विचारायचे, गेल्या वर्षी तुला कुणी का घेतलं नाही? ती आधी कारणं सांगायची. व्हिसा, गर्दी, नशीब. सर फोन ठेवायचे. शेवटी तिला सांगता आलं, 'मला हा विषय आवडत होता, पण मी त्यात काम केलं नव्हतं. यंदा केलं.' तिकडच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला म्हणे, आणि समोरच्या बाईंनी मान डोलावली."

वहिनी भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, इथं मंगफला कामगारांच्या इमारतीला ती आग लागली ना, गेल्या जूनमध्ये, आपले ४५ भारतीय गेले, त्यानंतर आमच्या ह्यांच्या कंपनीतली पोरं महिना-महिना झोपत नव्हती. कॅम्पात दिवा चालू ठेवून बसायची. हे म्हणाले, डॉक्टरकडे जा. तर म्हणतात, साहेब, मी वेडा नाहीये. आणि गेले असते तरी आपल्या भाषेत सांगणार कुणाला? शुवेखला मानसिक आरोग्याचं मोठं सरकारी केंद्र आहे, २०१९ साली इथं कायदाही झालाय, पण डोक्यातल्या मुंग्या अरबीत कशा सांगायच्या?"

मघाशी वेड्यांची डॉक्टर म्हणणाऱ्या त्याच या वहिनी. मी त्यांना आठवण करून दिली नाही. शेजारधर्म असतो.

"आता मला सांगा," त्यांनीच विषय परत ओढला, "एवढं केलं त्या माणसानं, पोरीनं काय दिलं त्यांना?"

"विचारलं तिनं. घड्याळ पाठवू का, शाल पाठवू का. सर म्हणाले, पुढच्या वर्षी ज्यांचं राहिलंय अशा दोघांचे अर्ज वाच, आणि खोटं कौतुक करू नकोस. एकाचा आधीच आलाय. परवा ती जिन्यात बसून लाल पेनानं तो वाचत होती. तिला १ जुलैला तिकडे रुजू व्हायचंय, व्हिसाचे कागद अजून हातात नाहीत आणि ही दुसऱ्याच्या निवेदनातली पहिली ओळ खोडतेय!"

वहिनी क्षणभर विचारात पडल्या. मग आवाज पुन्हा उतरला.

"ताई, माझा भाचा मिरजेला आहे. दोनदा राहिलंय त्याचं. त्या पोरीला सांगून सरांचा नंबर तेवढा..."

"वहिनी! हा वशिला झाला!"

"वशिला कसला? शिव्या खायलाच पाठवतेय त्याला!"

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि नंबर मी मिळवून दिला. तेव्हा वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. घरात कुणी पोर दुसऱ्यांदा अर्ज भरत असेल, डॉक्टरकीचा असो की दुसरा कसला, तर आधी ओळखीचा मोठा माणूस शोधू नका. अर्ज वाचून नाक मुरडणारा आणि का मुरडलं ते सांगणारा शोधा. आणि काम झालं की सगळ्यात आधी त्याला कळवा. अशा माणसांना निकाल कळवायचं बहुतेकांचं राहूनच जातं.