जुनी लावणी लाव, बाबू

पुतण्याच्या वरातीला तलमडुगूत डीजे ठरवला. मूळचा डीजे म्हणजे तबकड्या लावणारा माणूस. आमच्याकडे डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या पेट्या. माणसाला ऑपरेटर म्हणतात. हा ऑपरेटर वीस-बावीस वर्षांचा. घरी तेलुगू, धंद्यात मराठी, शिव्या हिंदीत.

ब्याऐंशी वर्षांचे आमचे थोरले मामा काठी टेकत ट्रॉलीपाशी गेले.

“बाबू, एक जुनी लावणी लाव.”

“किती जुनी, ताता?”

“एकदम जुनी!”

पोरानं मोबाईलवर बोट फिरवलं आणि ‘नटरंग’ सुरू केलं. सिनेमा 2010 चा. त्याच्या हिशेबानं पुरातनच. तेव्हा तो फार तर पहिलीत असणार.

मामा तापले. “ही लावणी? लावणी रामजोशीची! कीर्तनकार माणूस होता तो!” बोलणं खरं होतं. शाहिरांनी शृंगाराबरोबर अध्यात्मावरही लावण्या रचल्या; आजच्या वरातीत तसली लावली तर लोक दहाव्याला आल्यासारखे उभे राहतील. पण मला खोड फार. म्हटलं, “मामा, रामजोशी 1812 साली वारले. तुम्ही कुठं ऐकले?”

मामा जरा घुटमळले. “किनवटला. तंबूतल्या सिनेमात.”

म्हणजे 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’. त्यात गदिमांचीही गाणी होती. मामांची अस्सल लावणीसुद्धा पडद्यावरूनच उतरलेली, फक्त तिकीट स्वस्त.

तेवढ्यात पांढरकवड्याचे पाहुणे ओरडले, “तीनमार होऊन जाऊ द्या!” तीनमार हा आमच्या तेलंगणातला डप्पूचा ठेका. 2011 साली त्या नावाचा पवन कल्याणचा सिनेमा आला. मग व्ही सिक्स वाहिनीनं त्याच नावानं बातम्या सुरू केल्या. आता घरात कुणी ‘तीनमार लाव’ म्हटलं की कंबर हलवायची की रिमोट शोधायचा, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

“नाही तर फोक लावू?” ऑपरेटरनं विचारलं. लोकगीत म्हणजे ज्याचा कवी कुणाला ठाऊक नाही ते, असं आम्ही शाळेत घोकलं होतं. हे फोक गेल्या महिन्यात स्टुडिओत जन्मलेलं. कवी, गायक, नाचणारे, कॅमेरावाला, सगळ्यांची नावं मोबाईलच्या पडद्यावर. खाली फोन नंबर. अज्ञात राहायला कुणीच तयार नाही. पण ठेका असा, की मामांची काठी आपोआप जमिनीवर पडायला लागली. रागावलेलेच होते, पण समेवर.

मी शहाणपणा करून भावगीत मागितलं. पोरानं मालिकेचं शीर्षकगीत लावलं. वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिशेबाची चिठ्ठी आली: ‘डीजे, मराठी क्लासिकल, चार तास.’ ‘नटरंग’, तीनमार, फोक सगळं त्यातच धरलेलं. पैसे दिले.