टील म्हणजे बदक : इंग्रजी रंग ओळखण्याची शास्त्रोक्त पद्धत

हल्ली लग्नाची पत्रिका मोबाइलवर येते आणि तिच्याखाली रंगांचे वेळापत्रक असते : हळदीला मस्टर्ड, संगीतला टील, रिसेप्शनला वाइन. मस्टर्ड म्हणजे मोहरी एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्या फोडणीच्या डब्यातली मोहरी काळी असल्याने एखादे सद्गृहस्थ हळदीला काळा सदरा घालून हजर होण्याचा धोका संभवतो. अशा प्रसंगी चारचौघांत अब्रू राहावी, एवढ्याच मर्यादित हेतूने ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे.

पायरी पहिली : डोळे मिटावेत

रंग ओळखायला डोळे लागतात, हा गैरसमज आधी सोडावा. यातली बरीच नावे रंगाविषयी अवाक्षर काढत नाहीत. ती कुठल्या तरी किड्याची, फुलाची, पक्ष्याची, नाहीतर लढाईची असतात. तेव्हा नाव कानी पडताच ‘दिसतो कसा?’ असे न विचारता, स्थळ आल्यावर विचारतात तसे ‘कोणापैकी?’ असे विचारावे.

पायरी दुसरी : लाल घराणे

स्कार्लेट हे मुळात रंगाचे नावच नव्हते. मध्ययुगीन युरोपात ते एका उंची लोकरी कापडाचे नाव होते. ते बहुधा लाल रंगवत. पुढे कापड विरले आणि नावापुरता रंग उरला. क्रिमसनचे मूळ ‘किर्मिझ’ या अरबी शब्दात आहे. ओकच्या झाडावरचे किडे वाळवून हा रंग काढत. आपला किरमिजी याच कुळातला. म्हणजे ज्याला आपण साहेब समजून बिचकत होतो, तो चुलतभाऊ निघाला. व्हर्मिलियनच्या नावातही लॅटिनमधला बारकासा किडाच आहे, पण रंग मात्र हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधकाचा. नाव किड्याचे, काम खनिजाचे! मरून हे चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून आले.

व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे : लालात केशरी झाक असेल तर स्कार्लेट, ती जास्तच असेल तर व्हर्मिलियन, निळसर झाक असेल तर क्रिमसन आणि तपकिरीकडे कललेला गडद लाल असेल तर मरून. कोल्ह्याच्या शिकारीला निघालेला इंग्रज मात्र लालभडक कोट घालायचा आणि त्याला ‘पिंक’ म्हणायचा. ज्याच्या हातात बंदूक किंवा मागे शिकारी कुत्री आहेत, त्याच्याशी रंगावरून वाद घालू नये.

पायरी तिसरी : जांभळ्यांचा तंटा

ही पायरी अवघड आहे. चहा घेऊन बसावे. व्हायोलेट इंद्रधनुष्यात असतो, पर्पल नसतो. व्हायोलेटला प्रकाशाची स्वतःची तरंगलांबी आहे. पर्पल हा लाल आणि निळा एकत्र आल्यावर डोळ्यांनी आणि मेंदूने संगनमताने केलेला बनाव आहे. म्हणजे एकाचा सातबारा आहे, दुसरा नुसताच कब्जेदार.

मॉव्ह हा तर अपघात. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून हिवतापावरचे क्विनाइन बनवू पाहत होता. औषध झाले नाही. भांड्याच्या तळाशी जांभळा रंग सापडला. पुढे त्याला एका फुलाचे फ्रेंच नाव मिळाले. आपल्याकडे प्रयोग फसला की विद्यार्थ्याला भांडी घासायला लावतात. पर्किनने रंगाचा कारखाना काढला.

मॅजेंटा हे उत्तर इटलीतले गाव. तिथे ४ जून १८५९ रोजी फ्रान्स आणि सार्डिनियाच्या फौजांनी ऑस्ट्रियाला हरवले. त्याच सुमारास बाजारात आलेल्या एका नव्या रंगाला विजयाचे हे नाव चिकटले. मॅजेंटा आणि फ्युशिया यांतला फरक कोणी ठासून सांगू लागला, तर त्याला संगणकापुढे बसवावे. वेबपानांच्या रंगयादीत दोघांचा सांकेतिक क्रमांक एकच आहे.

पायरी चौथी : निळे की हिरवे?

टील हे एका लहान बदकाचे नाव आहे. नराच्या डोळ्यापासून मानेकडे जो हिरवा पट्टा जातो, त्यावरून हा रंग आला. हे बदक हिवाळ्यात आपल्याकडच्या जलाशयांवरही उतरते. पत्रिका मात्र त्याला कोणी पाठवत नाही. टर्क्वाइज म्हणजे ‘तुर्की’. आपला पिरोजा तो हाच. खडा निघायचा इराणात, युरोपात पोचायचा तुर्कस्तानमार्गे. श्रेय दलालाला मिळाले. गडद असेल तर टील, उजळ असेल तर टर्क्वाइज. सायन फक्त प्रिंटरची शाई संपते तेव्हाच आठवतो.

पायरी पाचवी : पांढरे आणि करडे

आयव्हरी, क्रीम, ऑफ व्हाइट हे भेद घराला रंग देताना उद्भवतात आणि भिंत वाळल्यावर मिटतात. बेज म्हणजे मुळात न रंगवलेली लोकर. न रंगवण्याचेही पैसे घेता येतात, हे यातून शिकावे. करड्यात मात्र जपून. त्याच वेब यादीत ‘डार्क ग्रे’ हा साध्या ‘ग्रे’पेक्षा फिकट आहे. दोन वेगळ्या याद्या एकत्र करताना कोणी तपासले नाही. सरकारी काम फक्त सरकारातच होते, असे नाही.

पायरी सहावी : स्वभाषेचा गर्व टाळावा

‘आमचे आमसुली, अबोली, मोरपंखी कसे स्वच्छ!’ असे म्हणण्याचा मोह होईल. पण आमसूल कोरडे की भिजवलेले, हे आधी ठरवावे. चिंतामणी रंग नेमका कोणता, यावर एकाच घरातल्या दोन मावश्यांचे एकमत झालेले आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

पायरी सातवी : प्रत्यक्ष संगीत

एवढा अभ्यास करून तुम्ही टील घालून जाल. तिथे पन्नास पाहुणे पन्नास प्रकारच्या टीलमध्ये असतील. नवऱ्या मुलाचे काका मोरपंखीत. इतक्यात डीजेवाला दिवे लावेल आणि बदक, खडा, काका, सगळे एकजात जांभळे होतील. कोणी विचारलेच, ‘हा पर्पल की व्हायोलेट?’ तर वर बघावे. लाल आणि निळे असे दोन दिवे दिसले, तर पर्पल. मग कोणी मॅजेंटाचा विषय काढायच्या आत जेवायला जावे.