फक्त नाव टाका

बातमीत बोलणाऱ्या माणसाच्या छातीवर नाव-हुद्द्याची जी पट्टी सरकत येते तिला न्यूजरूममध्ये ‘ॲस्टन’ म्हणतात. ती एकदाच नीट बांधून ‘आता कोणीही वापरा’ म्हणत साऱ्या एडिटरांच्या हवाली करणारा, तो टेम्प्लेटवाला. अखिल मानवजातीचं काम सोपं व्हावं अशी त्याची तळमळ असते; समोरच्या एडिटरवर मात्र काडीचा भरवसा नसतो.

२०१७ साली प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इसेन्शियल ग्राफिक्सचं पॅनल आलं आणि याच्या जगण्याला दिशा मिळाली. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरांचं रान माजवायचं आणि एडिटरला त्यातल्या दोनच चौकटी दाखवायच्या : ‘नाव’ आणि ‘हुद्दा’. बाकी सगळ्याला कुलूप. ‘युझरला त्रास नको,’ असं तो म्हणतो. युझरचा त्रास नको, असं विभागात ऐकलं जातं.

त्याची खरी साधना लांबीची. मजकूर वाढला की मागची पट्टी आपसूक वाढावी म्हणून तो ‘सोर्सरेक्टॲटटाइम’ नावाचं एक्स्प्रेशन लिहितो आणि ते चाललं की जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून दाखवतो. हुद्द्यात ‘शेतकरी’ टाकतो. पट्टी अंग चोरून घेते. मग मंत्रिमंडळातलं खातं टाकतो : ‘सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम वगळून)’. पट्टी पसरत पसरत स्क्रीनच्या काठाशी थांबते, अक्षरं अदबीने बारीक होतात. लोकशाहीचं याहून नेमकं चित्र त्याला काढायचं नव्हतं, पण निघतं.

फॉन्टचं दुखणं निराळं. तो टेम्प्लेटच्या पोटातून जात नाही, प्रत्येक मशीनवर वेगळा टाकावा लागतो. त्यात मजकुराचं इंजिन साउथ एशियन करायचं राहिलं, तर भर बुलेटिनमध्ये मुख्यमंत्र्यांचे पाय मोडतात.

हे सगळं त्याने सचित्र पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं. ती एडिटरांच्या डेस्कटॉपवर सुखरूप आहे. फोन मात्र बुलेटिन तोंडावर आलं की येतो.

“सर, पट्टी भगवी कशी करू?”

“करायची नाही.”

“नावाखाली गाव टाकायला एंटर मारला, तर पट्टी तिथेच आणि गाव खाली लोंबतंय.”

“एंटर मारायला कोणी सांगितलं होतं?”

एडिटर मग पुन्हा फोन करत नाही. कालच्या बातमीतली तयार पट्टी उचलतो, कालच्या नावावर त्याच रंगाचा चौकोन ठेवतो आणि वर आजचं नाव टाइप करतो. टेम्प्लेट उघडायची गरजच नाही. बुलेटिन वेळेवर जातं.

टीव्हीवर तो चौकोन पाहिल्यावर टेम्प्लेटवाला दोन दिवस कोणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती येते. ‘नाव’, ‘हुद्दा’ आणि खाली एक चेकबॉक्स : ‘ठिगळ’. त्यावर टिक केली की चौकोन येतो. नावाच्या लांबीप्रमाणे आपसूक ताणला जाणारा.