काटा साठवर, बोलेरो सदुसष्टवर

ऐकलंत का? महाडात आता मुलगा काय शिकला, कुठे चिकटला, हे विचारायची पद्धत मोडीत निघाली म्हणे. विचारतात काय, तर "टायर कितीचे टाकलेस रे?" आणि पोरगाही छाती काढून सांगतो, "एकतीस." एकतीस म्हणजे वय नव्हे हो, टायरची इंचातली उंची. वयही बहुधा तेवढंच असतं, पण त्याचा विषय घरात कुणी काढत नाही.

पोलादपूर मागे राहील तर शपथ. एसटी स्टँडसमोरून थार गेली की लोक आधी बघतात मडगार्ड. टायर चार बोटं बाहेर आला असेल तर गाडी "सेट". आत असेल तर "कंपनी फिटिंगच आहे वाटतं" असं हळहळून म्हणतात आणि चहाकडे वळतात.

एवढे मोठे टायर कशाला, म्हणून विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. "पावसात चिखल असतो, शेठ. शिवाय पूर!" आता बोलेरोचं मूळ माप 215/75 आर 15, म्हणजे उंची सुमारे 703 मिलिमीटर. एकतीसचा टायर 787. फरक 84 मिलिमीटर, पण तो अर्धा आसाच्या वर आणि अर्धा खाली, म्हणजे गाडी उचलली गेली जेमतेम चार सेंटिमीटर. 2021च्या जुलैत इथल्या बाजारपेठेचे तळमजले पाण्याखाली गेले होते. त्या पाण्याला चार सेंटिमीटरचं काय कौतुक?

पण खरी भानगड पुढेच आहे. मीटर खोटं बोलायला लागतो! बिचाऱ्याला रस्ता कुठे दिसतो? तो मोजतो फेरे. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्सपासून केबल यायची, आताच्या गाड्यांत सेन्सर मोजतो. कंपनीने एका फेऱ्याला अमुक अंतर असं शिकवून ठेवलेलं, तेच तो घोकतो. टायर मोठा झाला की त्याच फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. 703च्या जागी 787 आलं की बारा टक्के. काटा 60 दाखवतो आणि गाडी धावते 67ने. 80 म्हणाला तर समजा नव्वदीला टेकलात. मग हायवेवर पावती आली की चिरंजीव म्हणतात, "साहेब, मी तर साठनेच होतो!" खोटं बोलत नाहीत हो ते. फक्त काट्यावर त्यांचा विश्वास फार.

किलोमीटरचीही तीच गत. महाड-मुंबई 170 किलोमीटर धरा, ही गाडी 152 सांगते. ज्यांनी गाडी भाड्याने लावली आहे त्यांची तर फारच गंमत. पर्यटकाला पाचाड, शिवथरघळ सगळं फिरवून आणायचं आणि किलोमीटरमागे पैसे घ्यायचे मीटर बघून! दर शंभरातले अकरा किलोमीटर फुकट सेवा. वर हेच लोक "टायर टाकल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणून रडतात. थोडं पडतंच, जड टायर ओढायला डिझेल लागतं. पण उरलेलं पडलेलं नाही, मोजलेलंच नाही. सर्व्हिसिंगचंही तेच. मीटरवर दहा हजार भरेपर्यंत इंजिन अकरा हजारांच्या पुढे निघून गेलेलं असतं.

आता एक आतली गोष्ट सांगते, बाहेर बोलू नका. कंपनीचा काटा मुळातच थोडा फुगवून सांगतो, मुलाचा पगार दोन हजारांनी वाढवून सांगणाऱ्या मावशीसारखा. त्याला कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला 39वा नियम म्हणतो, काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर 4 किलोमीटर इतकी सूट. त्यामुळे जिम्नीवाला 195/80 काढून 215/75 घालतो तेव्हा फरक पडतो दीड टक्का, आणि मावशी उलट खरं बोलायला लागते. लफडं होतं ते एकतीसवाल्यांचं. तिथे सूट संपते आणि काटा थेट कमी सांगायला लागतो.

मग सुरू होतं "कॅलिब्रेशन". हा शब्द सध्या इतका चालतो की लग्नाच्या पंगतीतही ऐकू येईल. जुन्या केबलवाल्या जीपमध्ये काम सोपं होतं. गिअरबॉक्सच्या बाजूचा मीटरचा छोटा दातेरी गिअर बदलला की झालं. नव्या गाडीत स्कॅनर लावून नवं माप भरावं लागतं, तेही कंपनीने तेवढी मोकळीक ठेवली असेल तर. नसेल तर सेन्सर आणि मीटरच्या मधे एक डबी बसवतात, ती पल्स वाढवून पुढे पाठवते. ऑटोमॅटिकवाल्यांना हे जास्त नडतं. गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर शाफ्टचे फेरे आणि अ‍ॅक्सिलरेटर बघून ठरवतो, त्याला टायर बदलल्याचा पत्ताच नसतो. चढावर गाडी वरचा गिअर घेते, ओढत नाही म्हणून खाली येते, पुन्हा वर जाते. चालक म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." गेला नाही, गोंधळला आहे.

एकदा कॅलिब्रेशन झालं की पोरांना वाटतं, गंगेत घोडं न्हालं. इथेच माझं भांडण आहे. काटा सुधारतो. गाडीची ताकद कुठून सुधारणार? मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर बारा टक्क्यांनी उंच झाल्यासारखा. ती भरपाई करायची तर डिफरन्शियल उघडून क्राउन-पिनियन बदलायला हवं, चारच्या गुणोत्तराला साडेचार. त्याचा खर्च ऐकला की सगळे "बघू दिवाळीनंतर" म्हणतात. कोणती दिवाळी ते सांगत नाहीत.

चढ एक वेळ चालेल, क्लचचा वास घेत चढाल. उताराचं काय? ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे घाटातल्या जुन्या चालकांनी ठरवून दिलेलं. महाबळेश्वरहून आंबेनळी उतरताना, वाडा-कुंभरोशी सोडलं की दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडी धरून ठेवायचं. आता तेवढ्याच इंजिनच्या फेऱ्यांना गाडी बारा टक्के जोरात उतरते, इंजिनची पकड सैल, चाकं जड, आणि सगळा भार ब्रेकवर. वरंध घाटातही तेच. अशा वेळी स्क्रीनवर वेग कितीही अचूक दिसला तरी ब्रेकचे लायनर थंड होत नाहीत. काट्यावर इतका खर्च करणाऱ्यांना उताराबद्दल विचारलं तर "काही होत नाही हो" एवढंच उत्तर मिळतं.

आणि स्टेपनी! इथे तर सगळं बिंग फुटतं. चार टायर एकतीसचे घेतले, पाचव्याला पैसे उरले नाहीत, म्हणून मागे लटकतोय जुनाच बारका. पंक्चर झालं की तो मागच्या आसावर बसतो, एक चाक मोठं आणि एक छोटं, डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही क्षणभर उसंत नाही. त्यात फोर बाय फोर टाकलं तर आतला सगळा सांगाडा एकमेकाशी ओढाताण करत बसतो. कुणाचे हप्ते अजून चालू आहेत ते गाडीच्या मागे उभं राहून कळतं, असं म्हणतात ते उगाच नाही.

कायद्याचं कुणी नावच काढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायर झाला एक, लिफ्ट किट झालं दोन. अपघातानंतर विमा कंपनी हीच यादी घेऊन बसते.

हौस कुणाची मोडायची नाही मला. थारचं खालचं व्हेरिएंट 245/75 आर 16वर येतं, वरचं 255/65 आर 18वर. उंचीत फरक दोन टक्के. तेवढ्यावर भागवा, काटाही सांभाळून घेतो आणि घाटही. आणि बोलेरोला एकतीसचेच घालायचे असतील, तर दादांनो, निदान पाचवाही एकतीसचाच घ्या.