साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’

सरकारने बेकायदा डांबलं आणि देशातल्या कोर्टांनी दाद दिली नाही, तर युरोपातला माणूस स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जातो. आफ्रिकेचं असं न्यायालय टांझानियात आहे. आशियाचं कुठेच नाही. पण शिरपूरकराने खट्टू होऊ नये. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 30 म्हणतं, प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमता येईल. म्हणजे धुळ्याची एसटी धरली की झालं. तिथे नेमके कोणते गुन्हे चालवायचे, तेवढं कायद्यात लिहायचं राहिलंय. मांडव घातलाय, नवरदेव कोण ते ठरायचंय.

स्थानबद्धतेचा कायदा इतका विसराळू नाही. 1981 चा एमपीडीए! हातभट्टीवाला किंवा ‘धोकादायक व्यक्ती’ म्हणून कलेक्टरने सही केली की खटल्याविना वर्षभर आत. 12 दिवसांत सरकारची मंजुरी, तीन आठवड्यांत फाइल सल्लागार मंडळापुढे. तिथे वकील नेण्याचा हक्क नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी हातभट्टी गाळतच नाहीत, असं कोण म्हणेल? पण मग खटला भरा ना भो, कोर्टं कशाला आहेत?

खटल्याला साक्षीदार लागतात, नावागावाचे. इथे ‘अ’ आणि ‘ब’ वर भागतं. नाव गुप्त, पत्ता गुप्त. निकालपत्रांत त्यांचे जबाब वाचायला मिळतात. ‘अ’ संध्याकाळी चालला होता, डांबलेल्या माणसाने त्याला चाकू लावला, खिशातले पाचशे काढले, लोक पळाले, दुकानांची शटरं पडली. पुढच्या आठवड्यात ‘ब’ चालला होता. शटरं पुन्हा पडली. पडावीच लागतात; नुसत्या मारामारीवर हा कायदा लागत नाही, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडावी लागते.

मग घरचे लोक छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. जळगाव-धुळ्याकडचे असे आदेश तिथे रद्द होतात, जबाबांची पडताळणी नाही म्हणून, डांबलेल्याच्या अर्जावर निर्णयाला उशीर झाला म्हणून. तोवर महिने गेलेले असतात. त्यांची भरपाई?

त्याचा बंदोबस्त दिल्लीने आधीच केला होता. 1979 मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होतानाच भारताने लिहून दिलं, की बेकायदा अटकेची भरपाई हा आमच्याकडे वसूल करण्याजोगा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ती तरीही दिली. बिहारचा रुदुल साह निर्दोष ठरल्यावरही 14 वर्षं तुरुंगातच होता. 1983 मध्ये त्याला एकूण 35 हजार मिळाले. दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. त्या भावाने ‘अ’ च्या खिशातल्या पाचशेत माणूस अडीच महिने डांबता येतो.