आयत्या बिळाचा स्थापत्यकार

‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण घडवणाऱ्यांनी नागोबाला यथेच्छ नावे ठेवली. परंतु ते बीळ हौसेने, पदरमोड करून आणि वहीत आकडेमोड करून बांधून देणारी एखादी मनुष्यजात असू शकेल, ही शक्यता त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. अमेरिकेच्या उपनगरांत ही जात विपुल असून सोयीसाठी तिला ‘सर्पगृहस्थ’ म्हणता येईल. त्याचा पहिला पाहुणा बहुधा कॉर्न स्नेक असतो, म्हणजे त्या देशाच्या आग्नेय भागात मूळचा असलेला, उंदरांवर जगणारा बिनविषारी साप, ज्याच्या पोटावरचे चौकडे मक्याच्या रंगीत दाण्यांची आठवण करून देतात.

पिल्लू जेमतेम वीत-दीड वीत लांब आणि पेन्सिलीएवढे जाड असते. पण सर्पगृहस्थ आधी काचेची चार फुटी पेटी आणतो, तिच्या पाठीमागे वाळवंटाचे चित्र चिकटवतो आणि मध्यभाग मोकळा ठेवतो, जेणेकरून दिवाणखान्यातून साप नीट दिसावा. पिल्लाचे मत याविरुद्ध असते, कारण निसर्गात त्याला खाणारे पुष्कळ असल्यामुळे उघड्यावर दिसणे म्हणजे कोणाच्या तरी ताटात पडणे, एवढे ज्ञान ते अंड्यातूनच घेऊन येते. ते घाबरते, खाणे नाकारते, आणि मग सर्पगृहस्थाचे खरे शिक्षण सुरू होते.

साप अनियततापी, म्हणजे शरीराची ऊब बाहेरून घेणारा प्राणी असल्यामुळे पेटीचे एक टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस आणि दुसरे २४ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. शिवाय दोन्ही टोकांना एकेक अंधारी दडणजागा लागते, कारण ती एकच असली तर बिचाऱ्याला ऊब आणि अब्रू यांतून एकाची निवड करावी लागते. तापपट्टीवर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारे यंत्र, बसवल्यावरही सर्पगृहस्थ रात्री दोनदा उठून आकडा वाचतो, आणि थंडी वाजते म्हणणाऱ्या पत्नीला मात्र स्वेटर घालण्याचा सल्ला देतो. खाली अंथरायला ॲस्पेनच्या लाकडाचा कीस चालतो, देवदाराचा त्यातील तेलांमुळे घातक ठरतो, हे तो पाहुण्यांना न विचारता सांगतो. झाकणाला मात्र तो खिट्ट्या लावतो आणि ते योग्यच आहे, कारण डोके शिरेल त्या फटीतून हे पिल्लू आख्खे निघून जाते.

अखेरीस पेटी कृत्रिम वेली, साली आणि पानांनी गच्च भरते, वाळवंटाचे चित्र झाकले जाते, आणि पाहायला बोलावलेल्या शेजाऱ्यांना पाण्याचे भांडे तेवढे दिसते. आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही आणि खाऊ घातल्यावर दोन दिवस उचलायचे नाही, हे नियम पाळता पाळता सर्पगृहस्थाचीही त्याच्याशी गाठ क्वचितच पडते. पण ‘पिंकी’, म्हणजे गोठवून विकले जाणारे उंदराचे बिनकेसांचे पिल्लू, कोमट करून ठेवले की सकाळी ते नाहीसे झालेले असते, आणि त्या दिवशी तो कचेरीत सर्वांशी प्रेमाने वागतो. सारी कमाई ओतून उभारलेल्या त्या महालात साप राहतो तो मात्र कागदी रुमालांच्या गुंडाळीतून उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत, आणि नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो.