कुकर लंडनलाच राहिला

आमच्या आणि कंडक्टरभाऊंच्या अंगणाच्या मध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. दर उन्हाळ्यात ते नवं बांधायचं ठरतं आणि दर पावसाळ्यात ते आणखी थोडं वाकतं. मधोमध ते कमरेइतकं खाली आलंय, तीच आमची बसायची जागा. बसायची म्हणजे उभं राहूनच. पलीकडे वयनी, अलीकडे मी. मागच्या गल्लीतल्या आजींना मात्र बाजूच नाही, त्या दोन्हीकडच्या.

परवा सकाळी मी सांबार खुडत होते. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी इडलीची वाट पाहू नये.) तेवढ्यात वयनी येऊन उभ्या राहिल्या. तोंड असं, की मी आधी पदराला हात पुसले.

"काय झालं व वयनी?"

"कुकर गेला म्याडम."

"फुटला?"

"फुटला असता तं बरं झालं असतं. लंडनले रायला."

आता ज्यांना आमच्या गल्लीची माहिती नाही त्यांच्यासाठी. वयनींची पोट्टी २०२३ च्या सप्टेंबरात लंडनला शिकायला गेली. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती म्हणून असते, सामाजिक न्याय विभागाची. अख्ख्या महाराष्ट्रातून वर्षाला ७५ जण, आणि त्यातली एक आमच्या तुराट्यांच्या पलीकडची. एक वर्षाचा कोर्स. तो झाला, प्रबंध देऊन झाला, आणि आता दसऱ्याच्या आत पोट्टी परत येऊन रायली. भाऊंनी वर्षभर कॅलेंडर उलटं मोजलं. दसरा यंदा (२०२४) १२ ऑक्टोबरला आहे, आणि त्या दिवशी तिला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हे तिचं तिकीट निघायच्या आधीच ठरलंय.

तर कुकर. वयनींच्या लग्नातला, पाच लिटरचा, झाकणावर माहेरचं नाव आणि १९९६ कोरलेलं. जाताना पोट्टीनं तोच मागितला. नवा घेऊन देतो म्हटलं तर ऐकेना, याच्याच शिट्टीचा आवाज ओळखीचा आहे म्हणे. बॅगेत २३ किलोच्या वर चालत नाही, म्हणून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर बॅग तीनदा चढवली-उतरवली. कुकरच्या पोटात येसर, येसरच्या पुड्यांच्या फटीत जवसाची चटणी, आणि शिट्टी वेगळी काढून मोज्यात. दुकानात तुरीचे कट्टे घेऊन आलेले लोक रांग सोडून पाहत होते. एकानं विचारलंसुद्धा, "काय भाव लागला?"

खरं सांगायचं तर या वर्षात त्या पोट्टीनं लंडनमध्ये जेवढं केलं नसेल तेवढं आम्ही तिच्या नावानं यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबात केलं. पहिली शंका आली ती एक वर्षाची. "इथं एमए ले दोन वरसं लागते, तिथं एकात कसं व्हते? अर्धंच शिकवत असतीन." दुसरी, ती तिकडे लोकांचे कप धुते. ही बातमी कुणी पसरवली ते मला माहीत आहे, कारण ती मीच पसरवली. पोट्टीनं फोनवर सांगितलं होतं की आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची विद्यार्थ्यांना मुभा असते, म्हणून कॉफीच्या दुकानात जाते. मी सहज पोस्टाजवळ बोलले, "पहा, किती कष्ट करते." चौकातून फिरून ती संध्याकाळी परत माझ्याच दारात आली तेव्हा पोट्टी हॉटेलात भांडी घासत होती आणि मालक गोरा होता. आठवड्यानं त्या गोऱ्याशी तिचं लग्नही लागलं. मी वयनींपाशी कबूल केलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या म्याडम, कप त धुतेच ना. घरी एकबी धुतला नाई तिनं."

ऑक्टोबरातला किस्सा तर गल्लीला पाठ आहे. पोट्टीचा फोन रोज रात्री नवाला यायचा. महिनाअखेरच्या रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, फोन नाही. वयनी अंगणात, भाऊ अंगणात, मग मी, मग आजी. दहा वाजता फोन आला, पोट्टी हसत होती. तिकडे म्हणे हिवाळा लागला की अख्ख्या देशाची घड्याळं एक तास मागे करतात. आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर होतं, ते साडेपाच झालं. आजींनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाप्पा! टाइमबी त्यांचाच?"

त्याच हिवाळ्यात ती रडायची. ते वयनींनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही सांबाराच्या निमित्तानं, खाली पाहत. डिसेंबरात तिकडे दुपारी चारला दिवस बुडतो. वाचनालयातून निघालं की अंधार, खोलीवर आलं की अंधार. गेल्या गेल्या तिला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट काय, तर रस्त्यानं जाताना कोणी विचारत नाही, कोणाची पोरगी, कुठं चालली, एवढ्या उशिरा का. रात्री अकराला एकटी बसनं परत यायची आणि आईला रिकाम्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवायची. आणि डिसेंबरात फोनवर काय म्हणाली? "आई, आज चार दिवस झाले, मले कोनीच काई इचारलं नाई." वयनी म्हणाल्या, "म्या म्हनलं, थांब, म्याडमले फोन देतो." मला तेव्हा फोन का आला होता ते मला असं आता कळलं. मी तिला तासभर काय काय विचारलं असेल देव जाणे. तिच्या खोलीचं भाडं, शेजारीण कोणत्या देशाची, तिचं लग्न झालंय का, पोळ्या करते की विकतच्या. सगळ्याची उत्तरं दिली बिचारीनं.

मार्चनंतर ती सावरली. मग रात्रीच्या फोनचा विषय बदलला, आणि इथून पुढे वयनींचं म्हणणं असं की प्रबंध त्यांनीच लिहिला. विषय होता कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीचा. वयनी स्वतः लग्नानंतर दहा-बारा वर्षं वेचणीला जात होत्या. पोट्टी विचारायची, वजन कोण करतं, काटा कोणाच्या हातात असतो, सकाळी दवानं ओला कापूस जड भरतो म्हणून मालक उशिरा बोलावतो का, कमरेला बांधलेलं फडकं भरलं की किती किलो होतात, पहिल्या वेच्याला आणि शेवटच्या वेच्याला भाव सारखाच का. वयनी एकेक सांगायच्या, ती लिहून घ्यायची. जूनमध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये झाल्याचं आम्हाला पेपरच्या आधी लंडनवरून कळलं. आणि एवढं सगळं होऊन प्रबंधात वयनींचं नाव नाही!

"म्हने नाव लिहाचं नसते, लपवा लागते. मी काय चोरी केली?"

मी सांगितलं, संशोधनात असंच असतं, माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. वयनींना पटलं नाही. ज्या कापसापायी इंग्रजांनी यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आणली, त्या कापसाची माहिती इंग्रजांच्या गावात जाऊन सांगायची आणि सांगणारीचं नाव झाकायचं, हे मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण मी शिक्षिका होते, मला तसं म्हणता येत नाही.

"मंग आता कुकरचं काय?" मी मूळ मुद्द्यावर आणलं.

मुद्दा पुस्तकांचा होता. वर्षात पोट्टीनं पुस्तकं जमवली, बरीचशी जुनी, तिथल्या धर्मादाय दुकानांतून घेतलेली. बॅगा दोन, वजन ठरलेलं. तिनं सुचवलं की पुस्तकांची पेटी बोटीनं पाठवते, दोन-तीन महिन्यांत येईल, स्वस्त पडतं. भाऊ एरवी फोनवर "जेवली का" याच्या पुढे जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी वयनींच्या हातून फोन घेतला आणि पंधरा मिनिटं बोलले.

भाऊंच्या कपाटात खैरमोड्यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र आहे, खंडच्या खंड. ड्युटीवरून आले की वाचतात. त्यांनी पोट्टीला १९१७ सालची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावं लागलं. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं त्यांनी विमा उतरवून एका बोटीनं पाठवली आणि स्वतः दुसऱ्या बोटीनं निघाले. महायुद्ध चालू होतं. माणूस सुखरूप पोचला, पुस्तकांची बोट टॉर्पेडोनं बुडाली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, ते बडोद्याला नोकरीवर जायच्या खर्चात कामी आले.

"पुस्तकं सोबत आनायची," भाऊ म्हणाले. "दुसरं काय ठेवाचं थे ठेव."

पोट्टी म्हणाली, बाबा, आता लढाई नाही. भाऊ म्हणाले, बोट तर आहे ना.

ही पोट्टी गेल्या गेल्या पहिल्या महिन्यात कुठं गेली असेल तर किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहायचे, महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ साली विकत घेतलं. तिनं तिथून व्हिडिओ लावला तेव्हा भाऊ गणवेश घालून बसले होते. ड्युटी नव्हती. त्यामुळे बापाचं म्हणणं ती टाळणार नव्हतीच. पुस्तकं बॅगेत गेली, कुकर बाहेर आला.

एवढ्यात आजी आल्या. त्यांना आधी कुकरचं सांगावं लागलं, मग बोटीचं, मग परत कुकरचं. त्यांचं लक्ष तिसरीकडेच होतं.

"कवा येते पोट्टी? मले मोदकाचं पाहा लागते."

"कायचे मोदक?"

तर आजींनी गेल्या वर्षीच, कुणाला न विचारता, गावच्या चिंतामणी गणपतीला नवस बोलून ठेवला होता. आमचा चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आजींचे गुडघे कामातून गेलेत. तरी त्या उतरल्या आणि बोलून आल्या की शेजारची पोट्टी नीट गेली नि नीट आली तर एकवीस मोदक.

वयनी म्हणाल्या, "आजी, आमच्यात नवस नसते ना."

"तुमच्यात नसीन. म्या बोलला, मी फेडन. तुले काय कराचं?"

वयनी गप्प. थोड्या वेळानं म्हणाल्या, "गूळ मायाकडून घ्या मंग."

भाऊ आतून आले, हातात चहा. आता भांडण दुसरं. ती मुंबईला उतरणार, विदर्भ एक्स्प्रेसनं वर्ध्याला येणार, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे? ती गेली तेव्हा कळंबला रेल्वे नव्हती. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचं नाव ऐकत आम्ही म्हातारे झालो, आणि ती तिकडे असताना, २८ फेब्रुवारी २०२४ ला, वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. पोट्टीनं त्या गाडीचे फोटो तिकडे दाखवले, माझ्या गावाला रेल्वे आली म्हणून. जिथं जमिनीखालची रेल्वे १८६३ पासून चालते त्या गावात! तिला त्याच गाडीनं घरी यायचंय. आणि भाऊंची सत्तावीस वर्षं यष्टीत गेली.

"वर्ध्यावरून दर घडीले यष्टी हाये. थे रेल्वे पाहत बसा लागन."

"बसन थे," वयनी म्हणाल्या. "वर्षभर बसली. अजून दोन वर्षं राहून काम करता येते तिकडे, कायद्यात हाये तसं, तरी येऊन रायली. तिले म्या इचारलं, काहून येते? तं म्हने, तिकडे माया कापसाबद्दल इचारनारे लय हायेत, पन कापूस नाई."

भाऊ चहा प्यायले. रेल्वेवर पुढे बोलले नाहीत, म्हणजे स्टेशनवर जाणार.

मला मात्र अजून एक गोष्ट कळली नव्हती. "वयनी, कुकर टाकला कुठं तिनं? फेकला तर नाही?"

"फेकते कायची. नवीन पोट्टी आली यंदा, त्याच शिष्यवृत्तीवर. तिले देल्ला. शिट्टी, रिंग, अर्धा किलो येसर, समदं."

"कुठली आहे ती?"

"पुसदची."

आजींनी जरा विचार केला. "पुसदची ना? मंग गेला कुठं व तुया कुकर. जिल्ह्यातच हाये."